बाशानाचा राजा ओग आणि मेथीची भाजी

पुण्यातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती घरात रात्री जेवायला बसा. ताटं वाढली की कुणीतरी "चला, प्रार्थना" म्हणतं, पोरं एकच डोळा मिटतात. "हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो, ज्या हातांनी बनवलं त्या हातांना आशीर्वाद दे, ज्यांना नाही त्यांना पुरव, येशूच्या नावात मागतो" एवढं सगळं एका श्वासात होतं आणि 'आमेन'च्या आधीच हात पोळीपर्यंत पोचलेला असतो. श्रद्धा आटली म्हणून असं होत नाही. हाताळून हाताळून नाण्यावरचा छाप जातो, तसं त्या वाक्याचं झालेलं असतं.

इलाज ताटातच आहे. 'अन्न' म्हणायचं नाही, पदार्थाचं नाव घ्यायचं. मेथी असेल तर मेथी. एक जुडी निवडायला पंधरा-वीस मिनिटं जातात. मुळं खुडायची, पिवळी पानं काढायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची, आणि एवढं करून दाताखाली कचकच लागली तर बोलणी खायची. 'या मेथीबद्दल' म्हटलं की निवडणारा माणूस आपोआप आठवतो. 'ज्या हातांनी बनवलं' हे वेगळं म्हणावंच लागत नाही. एक पदार्थ, एक माणूस, पंधरा सेकंद. याहून लांबवू नये. पाहुणे आलेले पाळकसाहेब प्रार्थनेत साऱ्या जगाला फिरवून आणतात आणि आमटीवर साय धरते, तेव्हा उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, मानणाऱ्यांच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं ते देव जाणतोच.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात क्रम उलटा आहे, याकडे फारसं लक्ष जात नाही. तिथे म्हटलंय की जेवून तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद कर. यहुदी घरांत मोठा आशीर्वाद अजूनही जेवणानंतर म्हणतात. कारण त्याच अध्यायात पुढे आहे: पोट भरलं, चांगली घरं बांधली, गुरंढोरं वाढली, की मन चढतं आणि विसर पडतो. भुकेला माणूस अन्नाची किंमत विसरत नाही, ढेकर दिलेला विसरतो. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, खरकटी ताटं समोर असतानाच एक वाक्य म्हणून बघावं. अवघड जातं. हात सुकतात, मुलं पळतात, कुणाचा तरी फोन वाजतो. म्हणून एकच वाक्य, आणि उठायच्या आधी.

आता 'उपकार' या शब्दाकडे. मराठीत हा शब्द जड आहे. उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडतो, कुणी केलेले उपकार बोलून दाखवले तर अपमान होतो, "मोठे उपकार केलेस!" हा तर सरळ टोमणा. घरात आईला "आभारी आहे" म्हणून बघा, ताप आलाय का विचारेल. आणि याच शब्दाला 'स्तुती' जोडून चर्चमधला 'उपकारस्तुती' हा शब्द झाला आहे. मराठी ख्रिस्ती माणूस तो आजीकडून ऐकत मोठा होतो, पण त्याबरोबर बाहेरचा हिशोबही नकळत आत येतो. मुलीला नोकरी लागली, आता अर्पणाचं पाकीट जाड हवं. ऑपरेशन नीट झालं, आता काहीतरी मोठं करायला हवं. नाही केलं तर? या 'नाही केलं तर'मध्ये आभार संपलेले असतात आणि हप्ता सुरू झालेला असतो.

बायबलमधलं ११६ वं स्तोत्र हाच प्रश्न विचारतं: परमेश्वराने केलेल्या एवढ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? उत्तर मात्र चमत्कारिक आहे. मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि त्याच्या नावाचा धावा करीन. म्हणजे फेडायचं कसं, तर आणखी घेऊन. उतराई व्हायला निघालेला माणूस पुन्हा हात पुढे करतो, आणि मग चारचौघांत सांगतो की मला मिळालं. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या विधीचं, प्रभुभोजनाचं, ग्रीक नाव 'युखारिस्तिया' आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुती. त्या मेजाजवळही आपण रिकामा हातच पुढे करतो.

तर काम सांगण्याचं आहे, आणि सांगणं नेमकं हवं. १३६ वं स्तोत्र काढून बघा. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद: कारण त्याची दया सनातन आहे. सव्वीस वेळा तेच म्हणजे कंटाळाच की, असं वाटेल. पण पालुपदाआधीचं अर्धं वाचा. आकाश, सूर्य, चंद्र करता करता गाडी अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानाचा राजा ओग यांच्यापर्यंत येते. स्तोत्रकर्त्याला 'शत्रूंपासून सोडवलंस' एवढं म्हणून भागवता आलं असतं. त्याने नावं घेतली. ज्यांनी वाट अडवली होती त्यांची नावंगावं त्या लोकांना माहीत होती, म्हणून उपकारस्तुतीतही ती आली.

हे स्तोत्र घरात म्हणायची रीत सोपी आहे. एकाने पहिला अर्धा भाग वाचायचा, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. न धावता वाचलं तर चार-पाच मिनिटं. मग पुस्तक मिटायचं आणि त्याच चालीवर घरच्या ओळी. "स्वारगेटला शेवटची बस मिळाली." कारण त्याची दया सनातन आहे. "बाबांची साखर खाली आली." कारण त्याची दया सनातन आहे. "गणितात पस्तीस पडले." हसू येतं, येऊ द्यावं. मुलं यात मोठ्यांपेक्षा सरस असतात, कारण त्यांना 'आरोग्य', 'कृपाछत्र' असले शब्द सुचत नाहीत. त्यांना हरवलेला कंपास सापडलेला आठवतो.

एकट्याने करायचं असेल तर वही. मानसशास्त्रवालेही हल्ली कृतज्ञतेची वही सुचवतात आणि तिचा उपयोग होतो यात शंका नाही, पण तिथे आभार कुणाचे हे लिहायची गरज नसते. इथे वाक्य कुणाला तरी उद्देशून आहे, म्हणून ते 'तू' धरून लिहायचं. शाळेची दोनशे पानी वही घ्यावी. पानावर दोन दिवस धरले तर वर्षभर पुरते. रोज तीन ओळी, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक ओळीत काय घडलं, कुठे किंवा केव्हा, आणि कुणाच्या हातून, हे तिन्ही यावं. "आज ऑफिसात चांगलं झालं" ही ओळ वाया गेली. "दुपारी अडीचला चूक सापडत नव्हती, तेव्हा शेजारच्या टीममधला मुलगा आपली मीटिंग सोडून तासभर माझ्याजवळ बसला. तू त्याला सुचवलंस" ही ओळ सहा महिन्यांनी वाचली तरी तो मुलगा दिसतो.

पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्यात ओळी आटतात आणि 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' हे त्रिकूट रोज हजेरी लावू लागतं. वही बंद पडते ती इथे. दिवसात काही घडलं नाही असं नसतं. आपण अख्ख्या दिवसावरून नजर फिरवतो, आणि एवढ्या उंचावरून फक्त डोंगर दिसतात. म्हणून दिवसाचे दोनच तास निवडायचे, आज दहा ते बारा, उद्या चार ते सहा, आणि तेवढ्यातच शोधायचं. शिवाय एका आठवड्यात तीच गोष्ट दुसऱ्यांदा लिहायची नाही. अंथरुणात पडून लिहायला जाऊ नये, झोप जिंकते. मोबाइलवर लिहिणाऱ्यांचं तर काही खरं नाही; ओळ अर्धी होते तोवर वरून मेसेज उतरतो. एखादा दिवस चुकला तर मागून भरू नये. नुसती तारीख टाकावी आणि जागा कोरी सोडावी.

एक शंका हमखास निघते: तुळशीबागेत जाताना पार्किंग मिळालं, तर त्याचे आभार देवाचे मानायचे का? मानावेत की. फक्त मागच्या गाडीवाल्याला मिळालं नाही याचा अर्थ लावत बसू नये.

पण इथूनच दुसऱ्या, जास्त वाईट चुकीकडे वाट जाते. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून जी प्रार्थना करतो तिची सुरुवात उपकारस्तुतीनेच आहे. हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून तुझे आभार. शब्द बरोबर, रोख चुकलेला. विद्यापीठ चौकात सिग्नलला पेन विकणारं पोर काचेवर टकटक करतं आणि गाडीतली आई मुलाला म्हणते, "बघ, तुला किती मिळालंय, देवाचे आभार मान." हेतू चांगला असेल, पण शिकवण परूशाची आहे. कसोटी एकच लावावी: माझे आभार उभे राहायला दुसऱ्या कुणाचं तरी नसणं लागतं का? लागत असेल तर ते वाक्य गिळावं.

त्यापेक्षा मिळालेल्या गोष्टीचा माग काढावा. समोर पाण्याचा पेला आहे. पुण्याच्या नळाला येणारं बरंचसं पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या साखळीतून येतं. त्या खोऱ्यांतली गावं पाण्याखाली गेली, माणसं उठून दुसरीकडे गेली. 'पाण्याबद्दल तुझे उपकार' म्हणताना एवढं आठवलं की प्रार्थनेला आपोआप खाली बघावं लागतं, आणि दाढी करताना नळ सोडून ठेवायला हात धजत नाही.

कचऱ्याचंही तसंच. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत सकाळी दारात येतात. कौटुंबिक प्रार्थनेत "कचरा नेणाऱ्या ताईंना आशीर्वाद दे" म्हणणारी घरं आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण मग ओलं-सुकं एकाच पिशवीत कोंबून ती पिशवी त्यांच्या हातात द्यायची, आणि वापरलेले पॅड, डायपर त्यातच? त्या हाताने ते वेगळं करणार असतात. पॅड वर्तमानपत्रात नीट गुंडाळावं, त्यावर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढावा, आणि ते वेगळं द्यावं. लाल ठिपका दिसला की त्यांना उघडून बघावं लागत नाही. ही पद्धत पुण्यात त्यांच्याच संस्थेने सुरू केलेली आहे. कागद गुंडाळून ठिपका काढायला अर्धं मिनिट लागतं. हीही उपकारस्तुतीच आहे, आणि ती संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, सकाळी कचऱ्याच्या डब्याजवळ करायची असते.

संध्याकाळी दिवस तपासायची एक जुनी रीत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आहे. जेझुइट म्हटलं की काही प्रॉटेस्टंट घरांत अजून भुवया चढतात, पण रीत चांगली असेल तर घ्यावी. तिचे पाच टप्पे आहेत: मिळालेल्या दानांबद्दल आभार, स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून कृपेची मागणी, तासातासाने दिवसाची उजळणी, चुकांची क्षमा, आणि उद्या सुधारायचा निश्चय. आपल्यापैकी बहुतेकजण एकदम चौथ्यावर उडी मारतात. दिवसभराची पापं मोजायची, खंतावायचं आणि झोपायचं. इग्नेशियसने आभार पहिले ठेवले. स्वतःच्या एका पत्रात, १५४२ सालच्या, त्याने कृतघ्नपणाला सगळ्या पापांचं मूळ म्हटलं आहे. व्यवहारातही ते पटतं. आज काय काय मिळालं हे आधी बघितलेला माणूस स्वतःची चूक न घाबरता बघतो. नुसती चुकांची यादी घेऊन बसलेला थोड्याच वेळात स्वतःची वकिली करू लागतो.

वनाझ ते रामवाडी मेट्रोने जाणाऱ्यांना तर ही रीत आयती आहे. मार्गावर सोळा स्थानकं, आणि माणूस साधारण सोळा तासच जागा असतो. एका स्थानकाला एक तास. नळ स्टॉपला सकाळचे नऊ, शिवाजीनगर कोर्टाशी दुपार, बंडगार्डनला संध्याकाळ. उलट्या दिशेने घरी जात असाल तर दिवसही उलटा उलगडावा, फरक पडत नाही. रामवाडीला उतरलं की जवळच, नगर रस्त्यावर, जेझुइटांचं दे नोबिली कॉलेज आहे, हा योगायोग.

घरच्या सामुदायिक उपकारस्तुतीबद्दल मात्र थोडं कडक बोलायला हवं. "शनिवारी घरी प्रार्थना ठेवलीय" हे निमंत्रण पूर्वी चहा-पोह्यांचं होतं. नवं घर, मुलाची नोकरी, आजारातून उठणं, काहीही निमित्त. दोन भजनं पेटी-ढोलकीवर, त्यातलं एक बहुतेक नारायण वामन टिळकांचं. शास्त्रवाचन, घरच्यांची साक्ष (देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं), प्रार्थना, की झालं. पाऊण तास. आता केटरर येतो, मांडव पडतो, बिर्याणीची डेग चढते, आणि आजारातून उठलेल्या माणसाची साक्ष व्हायची राहून जाते कारण जेवण गार होतंय. काहींनी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं.

गंमत म्हणजे जेवणाला विरोध शास्त्रात नाहीच. बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा नियम आहे: मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. एवढा प्राणी एका घराला एका दिवसात कसा संपणार? माणसं बोलवावीच लागणार, आणि ती आली की विचारणार, निमित्त काय? मग सांगावं लागणार. त्या नियमात जेवण साक्षीसाठी होतं. म्हणून क्रम साधा ठेवावा: आधी साक्ष, तीन मिनिटांत. कुठे अडलो होतो, काय झालं, कुणाकुणाच्या हातून झालं. मग बाकीचं. शेजारच्या फ्लॅटमधले जोशीकाका-काकू असोत की खालचा वॉचमन, त्यांनाही बोलवावं. ज्या रात्री ॲम्ब्युलन्स आली तेव्हा लिफ्ट धरून तेच उभे होते.

हंगामाच्या सणाची गोष्टही जवळपास तीच. पुण्यातल्या कितीतरी मराठी मंडळ्यांची, म्हणजे चर्चच्या समूहांची, मुळं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आहेत. तिथे बाजरीची कणसं आणि कोंबडी वेदीपुढे यायची ती खरोखरच स्वतःच्या रानातली, स्वतःच्या खुराड्यातली. शहरात आपण मंडईतून भोपळा विकत घेऊन पहिलं फळ म्हणून नेतो. नंतरच्या लिलावात लिंबू पाचशेला जातं, टाळ्या पडतात, आणि ज्याला बोली परवडत नाही तो चपला शोधायला लागतो. बोली गंमत म्हणून ठीक. पण शहरातलं पहिलं पीक म्हणजे पहिला पगार, वाढलेल्या पगारातला पहिला वाढीव हिस्सा, शिकवणीची पहिली फी. ते बंद पाकिटात, बोलीविना येऊ शकतं.

रोजच्या पातळीवर मिझोरमच्या मंडळ्यांची रीत उचलण्यासारखी आहे. १९१० पासून तिथल्या बायका स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. आपल्या कुकरलाही हे जमतं. मूठ चाळीस-पन्नास ग्रॅमची. रोज एक म्हटली तर महिन्याला सव्वा ते दीड किलो. मूठ आधी काढायची, मग घरच्यांचा तांदूळ मोजायचा. उलट केलं की 'आज नेमका पुरता आहे' असं रोजच होतं. जो तांदूळ आपण खातो तोच काढायचा. महिन्याच्या महिन्याला द्यायचा, नाहीतर पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि मग ते दान देताना आपल्यालाच लाज वाटते.

हे सगळं बरे दिवस चालू असतानाचं. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन लोक रुग्णालयात खाटेपाशी उभं राहून सांगतात, आणि "याहून वाईट झालं असतं" असं वर जोडतात. वचनातली विभक्ती बघावी. 'स्थितीत' आहे, 'स्थितीबद्दल' नाही. ग्रीकमध्येही तसंच आहे. चौकस माणूस इफिसकरांस पत्राकडे बोट दाखवेल, तिथे सर्व गोष्टींबद्दल म्हटलंय, आणि ते नाकारता येत नाही. पण ते वाक्य एकत्र स्तोत्रं गाणाऱ्या मंडळीला लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या कर्करोगाबद्दल त्याच्याकडून आभार वसूल करायची परवानगी त्यात नाही.

सर्व स्थितीत म्हणजे काय हे पाहायचं तर प्रेषितांच्या कृत्यांतलं सत्ताविसावं प्रकरण वाचावं. वादळात सापडलेलं जहाज, चौदावा दिवस, २७६ माणसं, कुणी धड जेवलेलं नाही. प्रेषित पौल भाकरी घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. वादळाबद्दल तो आभार मानत नाही. हातात भाकरी आहे, तिचे मानतो. मग बाकीच्यांनाही धीर येतो, ते खातात, आणि उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात.

आणि कधी भाकरीसुद्धा दिसत नाही. ८८ वं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी आभार नाहीत, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. खाटेपाशी जायचं असेल तर ते पाठ करून जावं, नाहीतर गप्प बसावं, डबा न्यावा.

३१ डिसेंबरच्या रात्री, कॅम्पातल्या १८२५ सालच्या सेंट मेरीजपासून भाड्याच्या हॉलात भरणाऱ्या नव्या मंडळ्यांपर्यंत, सरत्या वर्षाची उपासना कुठे ना कुठे चालू असते. तिथे जायच्या आधी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, वह्या बाहेर काढाव्यात. सगळं वाचायला वेळ नसतो. महिन्यातल्या दोन-तीन ओळी, आणि प्रत्येकीनंतर घरच्यांनी पालुपद म्हणायचं. वाचता वाचता मध्येच नुसती तारीख येते, पुढे कोरी जागा. कधी सलग आठ-दहा. कुणाचं काय झालं होतं तेव्हा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या तारखा गाळायच्या नाहीत. तारीख वाचायची, पालुपदासाठी थांबायचं, कुणी म्हटलं तर म्हटलं, आणि पान उलटायचं.